चित्रं, लेखन आणि शिकवण्या: स्वतंत्र काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात चित्रकलेच्या शिकवण्या, पुस्तकांची आणि मासिकांची चित्रं, आणि अनुवाद-लेखन या तिन्हींवर माझं घर चालतं. एटीडी (कलाशिक्षक पदविका) किंवा बीएफए (ललित कलेची पदवी) संपवून बसलेली मुलं, नोकरीला कंटाळलेले कॉपीरायटर, बाळंतपणानंतर पुन्हा उभ्या राहू पाहणाऱ्या मैत्रिणी, सगळे साधारण हेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. कराचे आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे आहेत.

तीन कामं कशाला? एकच धरून नीट केलं तर?

जमत असेल तर जरूर करा. बहुतेकांना जमत नाही, आणि त्याचा संबंध हुशारीपेक्षा पैसे कधी येतात याच्याशी जास्त आहे. शिकवणीची फी दर महिन्याला येते, पण एप्रिल-मेमध्ये आटते. प्रकाशनाचं काम आज करायचं आणि पैसे चार-सहा महिन्यांनी. व्यक्तिचित्राची किंवा भिंतीवरच्या चित्राची ऑर्डर एकदम मोठी रक्कम देते, पण पुढची कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. एकाचा कोरडा महिना दुसऱ्याच्या भरल्या महिन्यावर यावा, यासाठी ही सगळी जुळवाजुळव.

आपल्याकडे हे नवं नाही. मडगावात 1916 साली जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी आयुष्यभर मुखपृष्ठं केली आणि 1945 मध्ये स्वतःचं ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केलं. म्हणजे चित्रकारही तेच आणि संपादकही तेच. द. ग. गोडसे चित्रं, नेपथ्य आणि लेखन तिन्हींत वावरले. वसंत सरवटे व्यंगचित्रं काढत होते, लिहीत होते आणि एका सिमेंट कंपनीत इंजिनीअरची नोकरीही करत होते. हे शेवटचं लोक सोयीस्कर विसरतात. महिन्याचा पगार असला की संपादकाला ‘नाही’ म्हणणं सोपं जातं. आपल्या बाबतीत पगाराची ती जागा शिकवणीने भरून काढायची असते.

सुरुवात कशापासून करू?

शिकवणीपासून. पहिल्याच महिन्यात पैसे येतात, भांडवल लागत नाही आणि सोसायटीतल्या दोन पालकांनी चांगलं म्हटलं की जाहिरातही लागत नाही. लेखनाचं काम दुसरं. चित्रांच्या ऑर्डरी सगळ्यात उशिरा जमतात, कारण त्या ओळखीतून आणि आधी छापून आलेल्या कामावरून येतात.

फक्त एक करा: सकाळ शिकवणीला देऊ नका. शाळकरी मुलं तशीही संध्याकाळी पाच ते आठच येतात. सकाळी नऊ ते एक हे तास चित्राचे किंवा लेखनाचे. एकदा का ‘ताई, फक्त शनिवारी सकाळी दहाला चालेल का’ सुरू झालं की वर्षभरात तुम्ही क्लासवाल्या होता. त्यात वाईट काहीच नाही, पण मग हे पान तुमच्यासाठी नाही.

वर्षाचं वेळापत्रक कसं बसवायचं?

माझ्या मते या धंद्यातलं निम्मं शहाणपण इथेच आहे. प्रत्येक कामाचं वर्ष वेगळ्या महिन्यात सुरू होतं.

जूनच्या मध्याला शाळा उघडतात (विदर्भात थोड्या उशिरा) आणि शिकवणीचे प्रवेश होतात. त्याच सुमाराला दिवाळी अंकांची लेख मागणारी पत्रं आलेली असतात, काहींची एप्रिलमध्येच. 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं आणि चित्रकाराचं वर्ष दिवाळीभोवती फिरतंय. लेख जुलैपर्यंत द्यायचा असतो. चित्रकाराकडे मात्र मजकूर पोचतो ऑगस्टमध्ये, आणि संपादकांना चित्रं हवी असतात ‘आठवड्यात’. मध्ये गणपती येतात. त्यातच शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येऊन आदळतात आणि पालक जादा तास मागतात. थोडक्यात, ऑगस्ट ते ऑक्टोबर तिन्ही कामं एकदम अंगावर येतात.

यावर उपाय एकच: यातलं जे आधी होण्यासारखं आहे ते आधी उरकायचं. माझे स्वतःचे लेख मी मेमध्ये लिहून संपवते, कारण तेव्हा मुलं गावाला गेलेली असतात. चित्रांसाठी जुलैतच सांगून ठेवते की 31 ऑगस्टनंतर मजकूर आला तर फक्त काळं-पांढरं रेखाटन मिळेल, रंगीत नाही. संपादक कुरकुरतात, पण मजकूर वेळेत पाठवतात.

दिवाळीनंतर दोन महिने शांत असतात. चार महिन्यांच्या कामाचे पैसे यायचे असतात आणि नवीन काम नसतं. अनुवाद, ई-लर्निंगच्या संहिता, मुलांच्या पुस्तकांची चित्रं अशी लांब पल्ल्याची कामं नोव्हेंबरात सुरू होतील अशी आधीच ठरवून ठेवायची. जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. त्या काळात सूत्रसंचालनाच्या संहिता आणि फलकलेखन यांची मागणी असते. रक्कम लहान, पण बहुतेक वेळा हातोहात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची मुलं बोर्डात अडकतात, आणि बारावीनंतर उपयोजित कलेला जाणाऱ्यांना सीईटीची, म्हणजे प्रवेश परीक्षेची, तयारी हवी असते. ही तुकडी लहान असते पण फी चांगली देते. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी शिबिर एकच, दहा दिवसांचं. त्याहून जास्त घेतलंत तर लेख लिहून होत नाहीत.

चित्रकलेच्या शिकवणीसाठी पदवी लागते का?

घरगुती शिकवणीला कायद्याने नाही. शाळेत कलाशिक्षक व्हायचं तर एटीडीसारखी पात्रता लागते, तो वेगळा मार्ग. पालक पदवी विचारतात, पण एकदाच. त्यानंतर विचारतात ते ‘मागच्या वर्षी किती ए ग्रेड आल्या?’ हेच. कारण उघड आहे: इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला 7 वाढीव गुण, ब ला 5, क ला 3.

गुणांसाठी आलेल्या मुलालाही चित्रकला शिकवता येते, एवढंच माझं म्हणणं. वस्तुचित्रात दरवर्षी तोच तांब्या समोर ठेवते. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक मूल तांब्याचं तोंड लंबगोल काढतं आणि बूड मात्र सरळ रेषेत कापतं, कारण ‘तांब्या टेबलावर सपाट बसलाय’ हे त्याला माहीत असतं. मग मी त्याला तांब्या डोळ्यांच्या पातळीला धरायला लावते आणि हळूहळू खाली न्यायला सांगते. डोळ्यासमोर तोंडाची नुसती रेघ दिसते, खाली नेला की ती उघडत जाते, आणि बूड तर तोंडापेक्षाही जास्त गोल वळायला हवं हे त्याचं त्यालाच कळतं. पाठ केलेल्या तांब्याऐवजी मूल समोरचा तांब्या काढायला लागतं. स्मरणचित्रातली माणसं मात्र इतक्या लवकर सुटत नाहीत. तिथे रोजचं स्केचिंग, भाजीवाली, रिक्षा स्टँड, बसथांबा, याला पर्याय नाही.

मी शाळेत शिक्षक आहे. बाजूला शिकवण्या घेऊ शकतो का?

नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 28 शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई करतं. लेखन आणि चित्रांसाठीही आधी संस्थेचे सेवानियम वाचा आणि लेखी परवानगी काढा.

केंद्राने क्लासवर निर्बंध आणलेत ना? 16 वर्षांखालच्या मुलांना घ्यायचं नाही म्हणे?

जानेवारी 2024 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याबद्दल तुम्ही बोलताय. त्यात कोचिंग सेंटरची व्याख्याच 50 पेक्षा जास्त विद्यार्थ्यांची आहे. हॉलमध्ये सतरंजी टाकून दहा मुलांना रंगवायला शिकवणाऱ्यांनी त्याची धास्ती घेऊ नये. सोसायटीची परवानगी आणि जिन्यातल्या चपला, खरी भांडणं यावरून होतात.

चित्रांचे पैसे किती सांगायचे?

‘चालू रेट काय आहे’ असं विचारू नका, कारण असा रेट नाही. आपला दिवस काढा. समजा घरखर्च, साहित्य, विमा आणि थोडी शिल्लक धरून महिन्याला 40,000 लागतात आणि खऱ्या कामाचे दिवस 20 आहेत. म्हणजे तुमचा दिवस 2,000 रुपयांचा. आता मुलांचं 24 पानी पुस्तक आलं. 12 जोडपानं, प्रत्येकी दोन दिवस (कच्चं रेखाटन, दुरुस्ती, रंग), वर मुखपृष्ठाचे तीन. झाले 27 दिवस, म्हणजे 54,000.

प्रकाशक म्हणेल, आमच्याकडे 25,000 आहेत. तो खोटं बोलत नसतो; मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-पाचशेची असते. अशा वेळी भाव उतरवायचा नाही, काम कमी करायचं: चार जोडपानं रंगीत, बाकी छोटी रेखाटनं. भाव एकदा उतरवला की तोच तुमचा भाव म्हणून गावभर होतो.

दुरुस्त्या किती फेऱ्या, ते आधी लिहा. दोन पुरेत. ‘थोडं अजून जिवंत करा’ ही दुरुस्ती नाही. काय बदलायचं ते त्यांनी नेमकं सांगायचं.

लेखनात नेमकी कोणती कामं मिळतात?

अनुवाद शब्दावर, मुद्रितशोधन फॉर्मवर (16 पानांचा एक), संहिता मिनिटावर आणि शब्दांकन (दुसऱ्याने सांगितलेलं लिहून काढणं) एकरकमी. मानधनाचं सगळ्यात कमी भरवशाचं क्षेत्र म्हणजे आपल्या आवडीचं, ललित. ‘मानधन देत नाही, पण अंक पाठवू’ हे अजूनही ऐकायला मिळतं. वर्षाला एखाद-दुसरा लेख असा द्यायला माझी हरकत नाही, जर अंक खरोखर वाचला जाणारा असेल. चित्र मात्र फुकट देत नाही. लेख माझा मला लिहायचा असतो. चित्र त्यांच्या पानासाठी असतं.

आणि टंकनाचं बघा. तुम्ही युनिकोडमध्ये लिहिता, पण बऱ्याच अक्षरजुळणीकारांची पानं अजून श्री-लिपी या जुन्या टंकन-प्रणालीत लागतात. मजकूर रूपांतरित होताना रफार सरकतो, ‘ऱ्या’ फुटतो, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच येतं. म्हणून लेखाबरोबर पीडीएफ पाठवायची आणि लागलेलं पान बघायला मागायचं. मुखपृष्ठावर फॉन्ट वापरणार असाल तर परवाना तपासा. ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बालू यांसारखे मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट असताना चोरीचा फॉन्ट वापरायचं कारण उरलेलं नाही.

चित्राचा कॉपीराइट कुणाचा? पैसे देणाऱ्याचा की माझा?

इथे बहुतेकांचा समज अर्धाच बरोबर असतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे निर्माता हा पहिला मालक. पण त्याच कलमात अपवाद आहे: मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेलं पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र असेल, तर वेगळा करार नसल्यास मालकी काम सांगणाऱ्याकडे जाते. नोकरीत असताना केलेल्या कामाचा नियमही वेगळा. म्हणून ऑर्डरच्या चित्राला करार हवाच, निदान एक स्पष्ट ईमेल.

हक्क द्यायचे असले तर कलम 19 लक्षात ठेवा. हस्तांतर लेखी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. मी साधारण असं लिहून देते: ‘या पुस्तकाच्या मराठी छापील आवृत्त्यांसाठी वापराचा हक्क, ई-बुक, अन्य भाषा आणि वस्तूंवर छपाई यांसाठी वेगळा करार, मूळ चित्रं चित्रकाराकडे.’ शेवटचे तीन शब्द विसरू नका, मूळ चित्रं नंतर प्रदर्शनात विकली जातात. तुमचं नाव छापलं जाण्याचा हक्क कलम 57 खाली, आणि कॉपीराइट विकल्यावरही तो तुमच्याकडेच राहतो. नोंदणी केली नाही तरी कॉपीराइट असतो. ‘रजिस्टर केलंय का’ असं कुणी दरडावलं तर घाबरू नये.

पैसे थकले तर काय करायचं?

आधी निम्मे आगाऊ. हे नव्या गिऱ्हाइकासाठी आहे. जुन्याने एकदा थकवले की तोही नवा.

दुसरं, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. आधारवर होते, फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट सरकारी नाहीत. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे करारात दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. मुदत लिहिलीच नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. दर वेळी तिथवर जायची गरज नसते. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि एक ओळ, ‘देय मुदत एमएसएमई कायदा 2006, कलम 15 नुसार’, एवढ्याने कंपन्यांचे अकाउंटंट जागे होतात. 2023-24 पासून वेळेत न दिलेली अशी रक्कम त्यांना त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे 31 मार्चच्या आधी फोन करणं सगळ्यात फळतं.

छोट्या मासिकांवर याचा परिणाम कमी होतो. त्यांना दर पंधरा दिवसांनी नम्र फोन, आणि पुढच्या वर्षी चित्र आगाऊ पैशांवर.

कराचं काय? मी तर एवढंसं कमावते.

तरी विवरणपत्र भरा. कंपनी किंवा मोठा प्रकाशक तुमच्या बिलातून सहसा 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून भरायचा कर, कापतो (वर्षात त्याच्याकडून 50,000 पेक्षा जास्त मिळाले तर). नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य येतो, म्हणजे कापलेलं सगळं परत मिळू शकतं, पण विवरणपत्र भरणाऱ्यालाच. कापलेली रक्कम 26एएसमध्ये (प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या कराच्या नोंदीत) दिसते का ते जूनमध्ये बघा.

‘फ्रीलान्सरने 44एडीए लावायचं, निम्मा नफा दाखवायचा’ असा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरतो. 1961 च्या कायद्यातलं ते कलम ठरावीक व्यवसायांसाठी आहे: डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, अंतर्गत सजावट, चित्रपट कलाकार वगैरे. सिनेमाचे संवाद लिहिणारा त्यात बसतो. शिकवणी त्या यादीत नाही. तीन प्रकारचं उत्पन्न असेल तर कुठलं कुठे दाखवायचं हे एकदा सीएला फी देऊन विचारा. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांकही बदलतात.

जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला 20 लाखांच्या वर. तिन्ही कामांची बेरीज धरायची, वेगवेगळी नाही. महाराष्ट्रात व्यवसाय कर वर्षाला 2,500.

परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन शिकवणं परवडतं का?

परवडतं, उठायची तयारी असेल तर. कॅलिफोर्नियातली शनिवारची संध्याकाळी सहाची वेळ म्हणजे आपली रविवारची सकाळी साडेसहा. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, मग साडेसात. हा बदल आधी कळवा, नाहीतर एक तास वाया जातो. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा आहेत, त्यांच्या पालकांमधून बोलणी होतात. अशा मुलांना चित्रातून मराठी शिकवणं हे चित्रकार-लेखकालाच जमण्यासारखं काम: मूल वारीचं चित्र काढतं आणि पताका, टाळ, डोक्यावरचं तुळशी वृंदावन हे शब्द हातातून शिकतं. वेगळा व्याकरणाचा तास मी घेत नाही. पैसे आले की बँकेकडून परकीय रकमेचा दाखला घेऊन ठेवा.

एआयमुळे काम गेलं का?

स्वस्तातलं गेलं. दोन दिवसांत मुखपृष्ठ हवं असणारे, दिवाळीचं शुभेच्छापत्र, वस्तूंची वर्णनं. अनुवादात आता ‘फक्त तपासून द्या’ म्हणून यंत्राचा मजकूर येतो आणि भाव निम्मा सांगतात. तपासायला पहिल्यापासून लिहिण्याइतकाच वेळ जातो, म्हणून मी तासावर घेते. शिकवणीला धक्का नाही.

तिन्ही कामांचा पोर्टफोलिओ एकत्र ठेवू का?

वेगळा. संपादकाला तुमच्या विद्यार्थ्यांच्या ग्रेड नको असतात आणि पालकांना तुमची कथाचित्रं. तीन पीडीएफ, प्रत्येकी दहा-बारा पानं, फोनवर उघडतील अशा.

बँकेच्या फॉर्मवर व्यवसाय काय लिहू? ‘घरी शिकवण्या’ लिहिलं तर कर्ज नाकारलं.

‘स्वयंरोजगारित’ लिहा आणि खाली ‘चित्रकार व भाषांतरकार’. अधिकारी बघतात ती सहसा मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं आणि खात्यातल्या नोंदी. शिकवणीची फी रोख घेतली तर ती त्यांच्या लेखी नसतेच. यूपीआयवर घ्या, वेगळ्या खात्यात, आणि पालकांना नोंदीत महिना लिहायला सांगा. गृहकर्ज हवं असेल तर अर्जाच्या किमान दोन वर्षं आधी हे सुरू करा. उद्यम प्रमाणपत्राची एक प्रत सोबत जोडा, कारण काउंटरवरच्या माणसाला फाइलमध्ये लावायला सरकारी शिक्क्याचा एक कागद हवा असतो.